चार वाजेपर्यंत वॉटर्लू

१९९९ च्या जून महिन्यात, शाळा उघडायला सहा दिवस उरले असताना, परभणीकडच्या गोरेगावच्या शाळेतल्या आठवीच्या वर्गात वॉटर्लूची लढाई मांडलेली होती. मी तिथं इतिहास शिकवत असे. सुट्टीत बारा बाक जोडायचे, त्यांवर वह्यांचे गठ्ठे ठेवायचे आणि वरून हिरवं लुगडं अंथरायचं, की टेकड्या आणि उतार तयार होत. शिपाई काळ्या मातीचे, करंगळीच्या दोन पेरांएवढे, चुलीच्या आरात भाजलेले. फ्रेंचांना निळा ऑइलपेंट, इंग्रजांना लाल. तोफांच्या नळ्या बॉलपेनच्या संपलेल्या रिफिलींच्या, चाकं शर्टाच्या गुंड्यांची. पलटणीनं गोळ्या झाडल्या की तिच्यापुढं धुराची खूण म्हणून कापसाचा बोळा ठेवायचा.

हे वेड मला हैदराबादच्या फुटपाथवर घेतलेल्या एका जुन्या इंग्रजी मासिकानं लावलं होतं. त्यात असा खेळ खेळणाऱ्यांचे फोटो होते, नियम होते. ते मी एका दोनशे पानी वहीत मराठीत उतरवले. पलटण किती सरकली ते शिंप्याच्या टेपनं मोजायचं आणि किती माणसं पडली ते फाशांवर ठरवायचं. चार वर्षं दोन्ही बाजूंनी मीच खेळलो. गावात कुणाला सांगायची सोय नव्हती. चाळिशीचा मास्तर बाहुल्या मांडतो म्हटल्यावर काय बोलतील, हे मला माहीत होतं.

मग मसाजी हवालदार आले. मेंढरं राखणाऱ्या घरातला माणूस, वीस वर्षं पायदळात होते, एकाहत्तरची लढाई पाहिलेली. पेन्शन घेऊन वस्तीवर परत आले होते. मुलगा प्रभू याला फौजेत भरती करायचं म्हणून शाळेत दाखला न्यायला आले आणि उघड्या दारातून त्यांना टेबल दिसलं. आत येऊन ते टेबलाभोवती फिरले. मग एका तोफेकडं बोट दाखवून म्हणाले, की ही इथून डागली तर आधी तुमचीच माणसं पडतील. मी तोफ हलवली. त्या दिवसापासून फ्रेंच माझे आणि इंग्रज त्यांचे.

ते फार सावकाश खेळत. घाई करत नसत आणि हरले तरी कुरकुर करत नसत. आपल्या लढाईबद्दल मात्र तीन वर्षांत एक शब्द बोलले नाहीत.

त्या वर्षी मे महिन्यात कारगिलची बातमी आली आणि प्रभूची पलटण वर गेली. त्याचं शेवटचं पत्र अकरा मेचं, चार ओळींचं. आमी वर जाऊन राहिलो, पत्र उशिरा येईल, आईला सांगा काळजी करू नको, काळी मेंढी विकू नका. मसाजी ते पत्र सदऱ्याच्या खिशात ठेवत. आकाशवाणीच्या बातम्या लागल्या की त्यांची बायको यशोदाबाई रेडिओजवळ बसायची आणि हे उठून बाहेर जायचे. खेळायला मात्र दर गुरुवारी न चुकता येत.

त्या गुरुवारी आम्ही अकराला सुरुवात केली होती. पाऊण वाजता शाळेच्या फाटकासमोरचा रूपसिंग धावत आला. त्याच्या दुकानात गावातला एसटीडी फोन होता.  परभणीहून सैनिकांच्या ऑफिसचा फोन आला होता. आमचा वेगळा जिल्हा होऊन दीड महिना झाला होता, पण ते ऑफिस अजून परभणीलाच होतं. लाईनमध्ये खरखर फार होती. त्याला एवढंच कळलं, की मसाजी हवालदारांना बोलवा, चार वाजता परत फोन करतो. पुढं काहीतरी बोलले, पण तेवढ्यात लाईन तुटली.

"काहून फोन केला, ते सांगितलं का?" मसाजींनी विचारलं.

रूपसिंगनं नकारार्थी मान हलवली. तो त्यांच्याकडं पाहत नव्हता.

आम्ही तिघं दुकानात गेलो. रूपसिंगनं डायरीतून नंबर काढून दहा-बारा वेळा फिरवला. कधी एंगेज, कधी नुसती घरघर. मी म्हणालो, यशोदाबाईंना निरोप धाडू या का. मसाजी म्हणाले, नको. चार वाजेपर्यंत ती बाई जगायची न्हाई. मग ते वळले आणि शाळेकडं चालू लागले. मला वाटलं, सावलीत बसायला निघाले असतील. ते थेट टेबलाशी जाऊन उभे राहिले.

"चाल तुमची हाय, सर."

मी म्हणालो, आज राहू द्या.

"बसून काय करू मी?" ते म्हणाले. "चला."

एक वाजून वीस मिनिटं झाली होती. माझे घोडेस्वार उतारावर चढत होते. वर मसाजींनी आपल्या पायदळाचे नऊ चौकोन केले होते. चारी बाजूंना संगिनी बाहेर काढून उभी राहिलेली माणसं. घोडदळ आलं की पायदळानं असाच चौकोन करायचा, आणि जोवर तो फुटत नाही तोवर घोडा आत शिरत नाही. आमच्या नियमात हल्ला करणाऱ्यानं दोन फासे टाकायचे. बेरीज नऊ किंवा त्याहून जास्त आली तर चौकोन फुटला, सगळी पलटण गेली.

मी फासे टाकले. चार. घोडदळ मागं. पुन्हा टाकले. सात. पुन्हा मागं.  मसाजींच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. ते टेप लावून अंतर मोजत, कापसाचा बोळा ठेवत आणि हात मागं बांधून उभे राहत. घड्याळाकडं त्यांनी एकदाही पाहिलं नाही. मी मात्र दर पाच मिनिटांनी पाहत होतो.

दोन वाजता लाईट गेली आणि पंखा बंद पडला. पत्र्याखाली जीव नकोसा झाला. माझ्या मानेवरून घामाचे ओघळ चालले होते. मसाजींचा सदरा पाठीला चिकटला, खिशातलं पत्र ओलं होऊन कापडातून दिसायला लागलं. त्यांनी ते काढून कोरड्या बाकावर ठेवलं आणि वर एक डस्टर ठेवलं.

अडीचला एक चौकोन फुटला. नऊ आले होते. त्यांनी सोळा शिपाई उचलून बुटाच्या खोक्यात ठेवले. पावणेतीनला दुसरा फुटला. मी पाणी प्यायला बाहेर गेलो. फाटकासमोर रूपसिंग दुकानाच्या पायरीवर फोनकडं तोंड करून बसला होता. त्यानं माझ्याकडं पाहून हात हलवला: अजून नाही.

तीन वाजून वीस मिनिटांनी मधल्या चौकोनावर पाळी आली. टेकडीच्या अगदी माथ्यावरचा चौकोन. तो फुटला तर मधे खिंडार पडणार होतं आणि मी राखून ठेवलेली नेपोलियनची खास पलटण सरळ आत घुसणार होती. लढाई माझी होती. एरवी त्या क्षणासाठी मी महिनाभर वाट पाहिली असती. आता मला तो चौकोन फुटायला नको होता. मला वाटायला लागलं, की हा चौकोन उभा राहिला तर फोनवरही बरं काही येईल. शिकलेला माणूस मी, पण तसं वाटलं खरं.

मी फासे टाकले. सहा आणि पाच.

मी ते झटकन ओंजळीत उचलले आणि म्हणालो, "पाच. उभा राहिला."



"फासे खाली ठेवा," मसाजी म्हणाले.

मी ठेवले.

"सहा आन् पाच व्हते." त्यांचा आवाज चढला नव्हता, पण तसा आवाज मी त्यांचा आधी ऐकला नव्हता. "तिकडं वर कोणी फासा उलटा वाचून राहिलंय का, सर?"

त्यांनी दोन्ही फासे माझ्यापुढं सरकवले.

"माझी दया येऊन राहिली असंल तर मी फोनपाशी जाऊन बसतो. खेळायचं असंल तर बराबर खेळा."

मी चुकलो म्हणालो. त्यांनी ते मनावर घेतलं की नाही, कळलं नाही. त्यांनी स्वतःच्या हातानं चौकोनातले सोळा जण एकेक करून काढले. शेवटचा शिपाई बोटांतून निसटला आणि फरशीवर पडून त्याचे दोन तुकडे झाले. ते तुकडेही त्यांनी खोक्यात ठेवले. मग मागच्या दोन पलटणी पुढं आणून खिंडारात उभ्या केल्या आणि माझ्या घोडदळावर दोन्ही बाजूंनी असा मारा केला, की पावणेचारपर्यंत उतारावर माझा एक घोडा राहिला नाही. खास पलटण पाठवायला मला जागाच उरली नाही. एवढं कडक ते कधी खेळले नव्हते.

चारला पाच कमी असताना त्यांनी पत्र उचलून खिशात घातलं आणि आम्ही दुकानात गेलो.

चार वाजले. फोन वाजला नाही. चार वाजून पाच मिनिटांनी सेनगावची जीप गेली, तिच्या आवाजात फोन ऐकू येणार नाही म्हणून रूपसिंगनं दार लोटून घेतलं. चार वाजून दहा मिनिटं झाली. मसाजी काउंटरला टेकून उभे होते. चार वाजून बारा मिनिटांनी घंटी वाजली. रूपसिंगनं रिसीव्हर उचलला आणि काही न ऐकता त्यांच्या हातात दिला.

"व्हय साहेब," मसाजी म्हणाले. "मसाजीच बोलतो." मग बराच वेळ ऐकत राहिले. "व्हय साहेब." पुन्हा ऐकलं. त्यांनी डोळे मिटले आणि मोकळ्या हातानं काउंटरची कड धरली. मी त्यांच्या मागं जाऊन उभा राहिलो, पडले तर धरता यावं म्हणून. "जातो साहेब. आत्ताच जातो."

रिसीव्हर ठेवून ते पायरीवर बसले.

"आपला न्हाई," ते म्हणाले.

रूपसिंगनं देवाला हात जोडले. मसाजींनी त्याचे हात धरून खाली केले.

"कोंडीबाचा संतराम हाय."

कोंडीबा सेनगावच्या पलीकडचा शेतकरी, नरसीच्या वाटेवर त्याचं गाव. प्रभू आणि संतराम एकाच दिवशी भरती झाले होते, एकाच पलटणीत होते. साहेब गाडी घेऊन परभणीहून निघाले होते, पण पोचायला रात्र होणार होती. तोवर घरच्यांना रेडिओवरून किंवा भलत्याच कुणाकडून कळू नये, म्हणून ओळखीच्या, फौजेतल्या माणसानं आधी जावं, असं त्यांचं म्हणणं होतं. तालुक्यात त्यांना मसाजींचं नाव सापडलं.

रूपसिंगनं जीप थांबवली. मी न विचारता आत बसलो.  सेनगावला दुसरी जीप भरायची वाट पाहत थांबलो, तेव्हा मसाजी माझ्याकडं न बघता बोलले.

"कोंडीबा पोराला धाडत नव्हता. एकुलतं एक पोरगं. मी त्याच्या घरी तीन खेपा केल्या. म्हणलं, माझं बी जाऊन राहिलं ना, दोघं संगट राहतील." थोड्या वेळानं म्हणाले, "आन् फोनवर नाव ऐकलं, तवा मला पयलं बरं वाटलं, सर. बरं वाटलं मला."

 मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तो त्यांनी राहू दिला.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. कोंडीबा अंगणात बसून पेरणीच्या तिफणीला दोऱ्या बांधत होता. मसाजींना पाहून उठला, हसला, आणि त्यांचा चेहरा दिसला तसा हसायचा थांबला. त्यानं हातातली दोरी टाकली. चपला न घालताच तो पुढं आला आणि मसाजींचे दोन्ही हात धरले.

"प्रभूचं काही आलं का?" त्यानं विचारलं.

मसाजींनी मान खाली घातली. कोंडीबानं त्यांना ओट्यावर बसवलं, आत वळून बायकोला, सुमनबाईला, पाणी आणायला सांगितलं आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवू लागला. धीर धरा, तो म्हणत होता. आमी हाव ना. संतराम हाय ना त्याच्या संगट, तो सोडायचा न्हाई त्याला.

सुमनबाई तांब्या घेऊन दारात आली. तीही रडवेली झाली होती, प्रभूसाठी.

मसाजींनी पाणी घेतलं नाही. ओट्यावरून उतरून ते खाली जमिनीवर, कोंडीबाच्या पायांपाशी बसले.

"प्रभू न्हाई, कोंडीबा," ते म्हणाले.

कोंडीबाचा हात हवेत तसाच राहिला. त्याला कळायला फार वेळ लागला नाही. सुमनबाईला त्याच्याही आधी कळलं.

रात्री नऊला साहेबांची गाडी आली. तिसऱ्या दिवशी संतरामला आणलं. तोवर मसाजी त्या घरातून हलले नाहीत. बंदुकांची सलामी झाली तेव्हा गावातले सगळे दचकले, पण ते कोंडीबाला धरून ताठ उभे होते. पुढं आठवडाभरात पाऊस होऊन जमिनीला पेरणीजोगा वाफसा आला, तेव्हा आपली मेंढरं यशोदाबाईवर सोडून ते परत तिथं गेले आणि कोंडीबाची आठ एकर त्यांनीच पेरली. पहिले दोन दिवस कोंडीबा त्यांच्याशी बोलला नाही, बांधावर बसून राहिला. तिसऱ्या दिवशी उठून तिफणीमागं आला आणि बियाण्याची ओटी स्वतःच्या कमरेला बांधली.

प्रभू ऑक्टोबरात सुट्टीवर आला. आधी वस्तीवर न जाता तो सरळ कोंडीबाच्या गावी उतरला. संतरामचं शेवटी काय झालं, ते त्यानं कोंडीबाला आणि सुमनबाईला आत बसून सांगितलं. त्यानं आधी पत्रानं कळवलं होतं, म्हणून मसाजी आणि मीही तिथं गेलो होतो आणि बाहेर अंगणात थांबलो होतो. आतलं बोलणं ऐकू येत नव्हतं. अंधार पडायला लागला तरी कुणी बाहेर आलं नाही, आणि आम्हीही हाक मारली नाही.