नाथाच्या चार सुया

माझी सून संगीता खोटं बोलते. चोरून नाही, माझ्या तोंडावर, डॉक्टरासमोर. आणि बोलून झाल्यावर मलाच चहा आणून देते. असली सून वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये.

मी दगडाबाई. शाळा दुसरीत सुटली, पण तीनशे मेंढरांत दुखणाईत कोणतं ते मी बांधावरून सांगते. माणसांचंही तसंच कळतं, अशी माझी घमेंड होती.

माझा नाथा तिशी उलटल्यावर वाढायला लागला. हातपाय रुंदावले, जबडा पुढं आला, लोकर कातरायच्या कातरीत बोटं शिरेनात. लेक आजोबावर गेला म्हणून मी भावकीत मिरवत होते. संगीताला ते खटकलं. लग्नातला फोटो पिशवीत घालून तिनं त्याला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं कळलं ते असं: मेंदूच्या खाली हरभऱ्याएवढी एक ग्रंथी असते, ती अंगाला वाढ म्हणते, आणि मेंदूच एक रस सोडून तिला बास म्हणतो. नाथाच्या ग्रंथीवर गाठ झाली होती, ती कुणाचं ऐकत नव्हती. ऑपरेशन झालं. डोळ्यांच्या नसांपाशी थोडी गाठ राहिली. तिच्यासाठी त्या रसासारखीच सुई, दर अठ्ठावीस दिवसांनी. रसाचं नाव सोमॅटोस्टॅटिन. संगीता दहावी झालेली, तिला ते नाव घेता येतं. मी बासची सुई म्हणायचे.

सुयांनी डोकं दुखायचं थांबलं. पण हात उतरले, गाल बसले, जेवण निम्म्यावर आलं. दिवाळीनंतर आम्ही मायलेक मेंढरं घेऊन गोदाकाठी निघालो. नातीच्या शाळेपायी संगीता घरी, युसूफ वडगावला राहिली. एका दुपारी नाथा पालथा निजला होता. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, मेंढराच्या फिरवतो तसा, अंगठा कण्यावर आणि बोटं बरगड्यांवर. कणा हाताला टोचला. असा कणा टोचणारं जनावर मी कधी उन्हाळा काढताना पाहिलं नाही. तिथंच ठरवलं, ही सुई माझ्या लेकाला खातेय.

संगीता दर महिन्याला थर्मासात बर्फ घालून सुई आणायची, फाट्यावर माझ्या हातात द्यायची आणि परतीच्या एस.टी.नं जायची. सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाईकडून नाथाला ती टोचून घेणं माझं काम. चार महिन्यांच्या चार सुया मी बाभळीखाली पुरल्या. संगीताला सांगितलं, टोचली. नाथाला सांगितलं, तुझ्या बायकोचा निरोप आहे, डॉक्टरनं चार महिने सुई बंद ठेवलीय. तो आपल्या मायवर कशाला शंका घेईल?

आणि नाथा भरला की. गाल वर आले. मी त्याला शेळीचं दूध पाजत होते आणि मनात दवाखान्याला हसत होते.

होळीच्या सुमारास त्याला बाजूचं दिसेना. समोरचं मेंढरू दिसायचं, कडेचं नाही. दोन कोकरं ट्रकखाली गेली, त्याच्यापासून दहा पावलांवर. तो समोर बघत उभा.

दवाखान्यात गाठ पुन्हा वाढलेली बघून डॉक्टरनं विचारलं, सुया बंद कुणी केल्या. नाथा म्हणाला, "हिचाच निरोप व्हता." संगीतानं माझ्याकडं बघितलं. मी डोक्यावरचा पदर नीट केला. तेव्हा ती म्हणाली, "माझ्याच ऐकण्यात चूक झाली, सायेब."

दुसऱ्यांदा ऑपरेशन झालं, सुया पुन्हा चालू झाल्या, गेलेली नजर आली नाही. नळीतून बघावं तेवढंच त्याला दिसतं. मेंढरं भावकीतला अजिनाथ वळतो. नाथा बायकोशी बोलत नाही. तिनं ताट केलं की म्हणतो, माय, तू वाढ. आणि मी वाढायचे. दोन महिने वाढलं.

एकदा चुलीपाशी तिला विचारलं, खरं कावून सांगत न्हाईस? भाकरी थापता थापता ती म्हणाली, "नजर गेली त्यांची, आत्याबाई. आता माय बी गेली तर त्यांनी करायचं काय?" मला लई राग आला. तिच्याकडं उपकार मागायला कोण गेलं होतं?

काल नाथानं तिला सांगितलं, घाटनांदूरला माहेरी जा, परत येऊ नको. ती उठून पिशवीत लुगडी भरायला लागली. नात दाराला धरून रडत होती. नाथा खाटेवर बसलेला, मान भिंतीकडं. मी जाऊन त्याच्या पुढ्यात उभी राहिले, त्याला दिसेल अशी, आणि तोंड संगीताकडं केलं.

"संगे, खोटारडी हायस तू. निरोप तुजा नव्हता, माजा व्हता. चारी सुया म्या पुरल्या, लेकाची नजर म्या घालवली. माजं पाप पदरात घ्यायला तुला कुणी सांगितलं? ठेव ती पिशवी. ह्या घरातून तू जायची न्हाईस. कुणी जायचं ते आता त्याला ठरवू दे."