रिव्हर्स पडला

दादांची गाडी घेऊ नये, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. घ्यावी लागणार, हेही त्याच दिवशी कळलं.

दादा म्हणजे माझ्या नवऱ्याचे मोठे भाऊ. आईवडील लवकर गेले, तेव्हा त्यांनीच ह्याला वाढवलं, शिकवलं, मार्गी लावलं. त्यांच्याच घरात वरच्या खोलीत आम्ही राहतो. दादांचा शब्द आमच्याकडे खाली पडत नाही. पडलाच तर उचलायला माझा नवरा आधीच वाकलेला असतो.

तर दादांनी नवी गाडी घेतली आणि जुनी आम्ही विकत घ्यायची असं ठरवलं. ठरवलं म्हणजे जेवताना जाहीर केलं. "राणी परक्याच्या दारात जाता कामा नये," ते म्हणाले. राणी हे गाडीचं लाडाचं नाव. सीटवर अजून प्लॅस्टिकची कव्हरं, आणि काचा अशा लखलखीत की बघून भांग पाडावा.

मी कुणाला न सांगता राणीला कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याकडे नेलं. त्याने बॉनेटसुद्धा उघडलं नाही. गाडी बघूनच हसला.

"ताई, ह्या मॉडेलच्या गिअरबॉक्सची ही जन्माची खोड आहे. तापला की रिव्हर्स पडत नाही. गार झाला की पडतो. बॉक्स बदलून बघितले लोकांनी, नवाही तसाच निघतो."

"मग चालवायची कशी?"

"पुढे," तो म्हणाला आणि दुसऱ्या गाडीखाली शिरला.

घरी येऊन नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "दादांना माहीत नसेल गं."

"मग सांग त्यांना."

"मी?" तो असा दचकला, जसं काही मी त्याला छतावरून उडी मारायला सांगितली होती. "त्यांनी एवढ्या मायेने दिली आणि आपण खोट काढायची? आपलेच दात, आपलेच ओठ."

"दात त्यांचे आहेत. ओठ माझे."

तो हसला. आमच्या घरात कुणी हसलं की विषय संपला असं धरतात. गाडी माझ्या गळ्यात पडली.

मग मी पुढे पुढे चालवायला शिकले. समोर भिंत असेल तिथे गाडी लावायची नाही. गल्ली दुसऱ्या बाजूने उघडते की नाही, हे आधी चालत जाऊन बघायचं. बाजारात अगदी दुकानासमोर जागा मोकळी दिसली तरी तिच्याकडे पाठ फिरवायची आणि लांबून पिशव्या वाहत आणायच्या. जाऊबाई विचारायच्या, "एवढ्या लांब कशाला लावतेस?" मी खरं सांगितलं की लगेच आतल्या खोलीतून दादांचा आवाज यायचा, "मी इतकी वर्षं चालवली, एकदाही अडली नाही. चालवणाऱ्याचा हात लागतो."

बोलून उपयोग नव्हता. मला एकच ध्यास लागला होता. मी एमआरआयचं मशीन चालवते, आणि शहराबाहेरच्या एका हॉस्पिटलात नवं मशीन आलं होतं. ते सांभाळायला प्रमुख हवा होता. कामासोबत तिथेच आवारात राहायला दोन खोल्या. आमच्या दोघांच्या, आमच्या कुलपाच्या. जाहिरात वाचली तेव्हा मला पगार दिसलाच नाही, खोल्याच दिसल्या. नवराही म्हणाला, "तुझं काम झालं तर दादांना सांगता येईल. नोकरीसाठी जावं लागतंय म्हटलं की ते काही बोलणार नाहीत." त्याने एवढं म्हणणं म्हणजे त्याच्या मानाने बंडच होतं.

मुलाखतीच्या सकाळी मी इस्त्रीचे कपडे घालून खाली आले, तर दादा राणीत पुढच्या सीटवर बसलेले. पट्टा लावून.

"चल. त्या बाजूचे रस्ते तुला माहीत नाहीत. आणि बघू तरी तुझा हात."

वाटभर ते शिकवत होते. क्लच कुठे सोडायचा, आरशात कधी बघायचं. मी हूं हूं करत होते. रस्ता लांबचा, ऊन चढत होतं, आणि आमच्या पायाखाली गिअरबॉक्स तापत होता. ते मला ऐकू येत होतं. दादांना नाही.

हॉस्पिटल दिसल्यावर मी बाहेर रस्त्याच्या कडेला, तोंड मोकळ्या बाजूला करून लावायला निघाले. दादांनी हात आडवा केला. "उन्हात कशाला? ती बघ सावली." दोन इमारतींच्या मधून एक उतार खाली जात होता. टोकाला सामान उतरवायचं शटर होतं, ते बंद. दोन्हीकडे भिंती.

"दादा, आत गेलो तर बाहेर निघता येणार नाही. रिव्हर्स पडत नाही."

"पडतो. घाल आत. मी बसलोय ना."

मी घातली. का घातली, हे मी अजून स्वतःला विचारते. इतके दिवस जे जपलं ते त्यांच्या एका 'मी बसलोय ना'पायी घालवलं. आरसे मिटावे लागले एवढी ती जागा अरुंद. शटरपाशी थांबले, दादा म्हणाले, "आता जरा मागे घे, नीट मधोमध लाव." मी गिअरचा दांडा ओढला. खर्र झालं. पुन्हा ओढला, पुन्हा खर्र. दादांनी माझा हात बाजूला सारून स्वतः ओढला. राणीने त्यांनाही जुमानलं नाही.

मग ते उतरायला गेले. दार हातभरही उघडेना. माझ्या बाजूचंही तेच. इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात, तशा इकडे भिंत, तिकडे भिंत.

मी बारीक आहे. सीटवरून मागे सरकले, मागचं मोठं दार कळ दाबून उघडलं आणि डिकीतून बाहेर आले. कपड्यांची इस्त्री गेली, पण मी बाहेर होते. मुलाखतीला अजून वेळ होता. दादांचं पोट बघता त्यांना त्या वाटेने येणं शक्य नव्हतं.

"चार माणसं बोलावते. न्यूट्रलमध्ये ढकलून वर घेतील."

"खबरदार!" आतून आवाज आला. "तमाशा करू नकोस. हॉस्पिटलात माझ्या ओळखीची माणसं आहेत."

"बरं. मग बसा. गार झाली की पडेल. मी मुलाखत देऊन येते."

मी चार पावलं चढले असेन. मागून दादांनी मला हाक मारली. ती हाक नेहमीची नव्हती. वळून बघितलं तर ते समोरच्या शटरकडे डोळे लावून, दाराची मूठ दोन्ही हातांनी धरून बसले होते. मानेवरून घाम ओघळत होता, श्वास वरच्या वर चालला होता. हे मला परकं नव्हतं. मशीनच्या बोगद्यात सरकवलेली कित्येक माणसं मी अशी बघते. चांगली धिप्पाड, बाहेर रुबाब करणारी.

मी नवऱ्याला फोन लावला. सगळं ऐकून तो म्हणाला, "त्यांना एकटं सोडू नकोस. त्यांचा बीपी… आणि तू गाडी आत घातलीसच कशाला?"

"तू येतोस?"

"मला यायला किती वेळ लागेल? तू आहेस ना तिथे."

मी डिकीतून परत आत शिरले.

मशीनमध्ये झोपणाऱ्या माणसाच्या हातात आम्ही रबराचा फुगा देतो. घाबरलात तर दाबा, मी लगेच थांबवते, असं सांगतो. इथे फुगा नव्हता, म्हणून मी हात दिला. माझ्या कामाच्या आवाजात म्हटलं, "डोळे मिटा. श्वास हळू सोडा. मी इथेच आहे." त्यांनी हात असा आवळला की बोटं दुखली. जरा वेळाने श्वास खाली आला. त्या अवस्थेत माणसं काहीही बोलतात.

"मला माहीत होतं," दादा डोळे न उघडता म्हणाले. "बॉक्सचं."

"मग आम्हाला का दिलीत?"

"परक्याला दिली असती तर त्याने दारात येऊन शिव्या घातल्या असत्या. गावभर नाव खराब झालं असतं. घरची माणसं काय, सांभाळून घेतात."

ते मला दुखवायला बोलत नव्हते, हेच वाईट होतं. मला इतका राग आला की हात सोडवून घ्यावा आणि निघून जावं असं वाटलं. तेवढ्यात फोन वाजला. हॉस्पिटलमधूनच होता. तुमचा नंबर आला आहे, कुठे आहात? मी खिडकीतून वर बघितलं. भिंतीच्या वर त्यांच्याच इमारतीच्या खिडक्या दिसत होत्या. दादा हात सोडत नव्हते.

"पुढच्यांना बोलवा," मी म्हटलं.

बऱ्याच वेळाने मी दांडा ओढला आणि रिव्हर्स पडला. अगदी लोण्यासारखा. उजेडात आल्यावर दादांनी रुमालाने मान पुसली, कॉलर सारखी केली आणि घरापर्यंत मला क्लच कुठे सोडायचा ते सांगितलं.

संध्याकाळी सगळे जेवायला बसलो. मुलाखतीचं कुणी विचारलं नाही. नवऱ्याला फोनवरूनच कळलं होतं, आणि तो ताटाकडे बघत होता.

"राणीला उगाच नावं ठेवत होतात," दादा जाऊबाईंना म्हणाले. "आज मी स्वतः होतो. पडला की नाही रिव्हर्स? " मग माझ्याकडे वळले. "तूच सांग गं सगळ्यांना."

जाऊबाईंनी वाढता हात थांबवला. नवऱ्याने मान वर केली. त्याच्या डोळ्यांत तेच होतं, जे सकाळी दादांच्या डोळ्यांत होतं.

"पडला," मी म्हटलं.

नवऱ्याने सुटल्यासारखा श्वास टाकला आणि माझ्या ताटात वाढलं. सांभाळून घेतलं होतं मी सगळ्यांना. घरची होते ना.