उलटी घडी

मी हाडाची पट्टी आहे. बैलाच्या पायाच्या नळीतून कापून, घासून वीतभर केलेली. लंडनच्या एका पुस्तकांच्या बांधणीखान्यात छापील कागदाची घडी माझ्या कडेनं दाबली जाई. कादंबऱ्या लिहिणारे वेगळे. त्यांची पुस्तकं झाली ती माझ्यामुळे.

माझी पहिली मालकीण डॉर्कस. दारुड्या नवऱ्याचं घर सोडून ती इथं आली आणि माझ्यावर तिनं लेक वाढवली. लेक केझाया हाताशी आली, तशी मी तिच्याकडे गेले. डॉर्कसनं स्वतःला नवी पट्टी घेतली. मायलेकी एकाच बाकावर बसत.

केझायाला चर्चच्या रविवारच्या शाळेत अक्षरं आली होती. हातातला कागद ती हळू वाचून दाखवी. कादंबऱ्यांतल्या बायका फार बेशुद्ध पडत.

"इथं दहा तास बस म्हणावं," डॉर्कस म्हणे. "चक्कर यायची विसरेल."

एकदा एक तीन भागांची कादंबरी आली. नायिका मारकुट्या नवऱ्याला सोडते, शिवणावर पोट भरते. शेवटचा कागद चार पानांचा, एकाच घडीचा. पहिल्या दोन पानांत ती खिडकीशी शिवत बसलेली. तिसऱ्यात नवऱ्याच्या पायाशी माफी मागते. चौथ्यात मरते.

"मीपण सोडूनच आले होते," डॉर्कस म्हणाली. "मेले का गं?"

"कुठली," केझाया म्हणाली. "जेवतेस तर दोघींचं."

बाकावरच्या बायका हसल्या. मुकादम टफनेल पुढं आला. "वाचायला ठेवलं नाही तुला. घडी घाल."

केझायानं घातली, पण उलटी. मी दाबून पक्की केली. आता माफी आधी, मग मरण, आणि मग बाई खिडकीशी शिवत बसलेली. पुस्तक तिथंच संपलं. अशा तीनशे प्रती बाहेर गेल्या.

पंधरवड्यानं टफनेल एक प्रत घेऊन आला. "कुणाचा हात चुकला? बोला, नाहीतर अख्खा बाक घरी जाईल."

"हात माझा," केझाया म्हणाली. "चुकला नाही."

"माफी माग. काम राहील."

"ते पान मी वाचलंय, मिस्टर टफनेल."

तिनं मला खिशात टाकलं आणि ती निघाली. मागं डॉर्कसची पट्टी बाकावर दोनदा वाजली. मग साऱ्या बाकाच्या पट्ट्या.

आता केझाया आणि मी दुसऱ्या बांधणीखान्यात असतो. माझं टोक झिजलंय, कड अजून सरळ आहे. त्या तीनशेंतली एखादी प्रत तुमच्या हाती आली, तर पानं नीट लावायला जाऊ नका. ती बाई शिवतेय. शिवू द्या तिला.