तिसऱ्या राजदूतांचं भाषण

निवृत्त राजदूत मोरिता बोलायला उभे राहिले की समोरच्याने तासाभराची निश्चिंती करावी, हे त्यांची सून अवंतिका लग्नानंतर पहिल्याच वर्षी शिकली होती. अवंतिका मूळची पुण्याची, व्यवसायाने दुभाषी. म्हणून १९९५च्या हिवाळ्यात, योकोहामातल्या मैत्रीसंघाच्या सभेत, सासऱ्यांचं जपानी भाषण इंग्रजीत करायचं काम तिच्याच गळ्यात पडलं. तेही एकट्या पाहुण्यांसाठी: पश्चिम आफ्रिकेतल्या एका छोट्या देशाचे टोकियोतले नवे राजदूत. त्यांच्या देशात जपानने आजवर पाठवलेल्या राजदूतांचा इतिहास, हा भाषणाचा विषय. भिंतीवर सगळ्यांचे फोटो टांगले होते. सगळे टाय लावलेले, सगळे गंभीर, जणू तो देश यांनीच खांद्यावर उचलून धरला होता.

पहिल्या राजदूतांनी हॉटेलच्या दोन खोल्यांत दूतावास थाटला. दुसऱ्यांनी भाताचं बियाणं नेलं. ते उगवलं नव्हतं, पण भाषणात छान उगवलं. तिसरे स्वतः मोरिता.

अवंतिका याचीच वाट पाहत होती. मोरितांच्या काळात तिथे सैन्याने सत्ता बळकावली, रस्त्यांवर गोळीबार झाला. साहेब तेव्हा पॅरिसला बैठकीत. घरी एकट्या त्यांच्या पत्नी, फुमिको. त्यांनी फाटक उघडून नोकरांची आणि शेजाऱ्यांची बायकामुलं आत घेतली, आणि सैनिक आले तेव्हा स्वतः आडव्या उभ्या राहिल्या. लोणच्याचे मुळे कापता कापता त्यांनी हे एकदा सुनेला सांगितलं होतं.

"ओतोसान, हे भाषणात सांगा ना," अवंतिकेने सासऱ्यांना विनवलं होतं.

"विचार करतो," ते म्हणाले होते.

जपानीत हा चक्क नकार असतो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं. आपली बाई मात्र हरखून सासूला सांगून मोकळी झाली, "ओकासान, ते तुमच्याबद्दल बोलणार आहेत!" आज ठेवणीतला किमोनो घालून फुमिको दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या.

"त्या धामधुमीतही आपला दूतावास सुखरूप राहिला," मोरिता म्हणाले. "माझी अडाणी बायको तिथेच होती. तिने सगळ्यांना त्रासच दिला असणार."

सभागृह हसलं. घरच्या माणसाला चारचौघांत कमी लेखायचं, ही इथली रीत. पण रीत आहे म्हणून काय तोंडाला येईल ते बोलायचं? अवंतिकेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पॅरिसात कॉफी ढोसत बसलेला हा शूर, आणि ती अडाणी!

तिने माइक ओढला. "त्या दिवशी राजदूत देशात नव्हते," ती इंग्रजीत म्हणाली. "फाटक माझ्या सासूबाईंनी उघडलं." मग सैनिकांसकट सगळं सांगून टाकलं.

पाहुणे उठून टाळ्या वाजवू लागले. बाकीच्यांना काडीचं कळलं नव्हतं, पण पाहुणे उठले म्हणून तेही उठले. मोरितांना शब्द न् शब्द कळला होता. पाहुण्यांसमोर सुनेला खोटं पाडायची सोय नव्हती. ते कमरेत वाकले आणि त्या टाळ्याही खुशाल स्वतःच्या पदरात पाडून घेतल्या. अवंतिकेला वाटलं, माइक फेकून मारावा.

फुमिको व्यासपीठाशी आल्या.

"इंग्रजी मलाही येतं, अवंतिका. तिथल्या मेजवान्या कोण सांभाळत होतं?"

"मग मी बरोबर सांगितलं ना, ओकासान?"

"अर्धंच. यांचा पॅरिसहून फोन आला होता. फाटक बंद ठेव, कुणालाही आत घेऊ नकोस, म्हणाले. मी ऐकलं. सकाळभर ऐकलं. आमच्या स्वयंपाक्याची बायको बाहेरून हाका मारत होती. ती फाटकाशीच गोळी लागून मेली. मग मी फाटक उघडलं."



"फुमिको, पुरे," मोरिता दबक्या आवाजात म्हणाले.

"त्या दिवसापासून पुरेच म्हणताय." फुमिकोंनी सुनेच्या हातून माइक घेतला. टाळ्या थांबल्या. "तिचं नाव अवा होतं. आता मी बोलते, अवंतिका. तू इंग्रजीत सांग. काही गाळू नकोस. आणि मला चांगलं म्हणू नकोस."