तात्या शत्रूकडून लढले

ढोल-ताशांच्या त्या कल्लोळातही तात्यांचं हाड मोडल्याचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला. उसाचं वाळलं कांडं गुडघ्यावर मोडावं तसा. उंब्रजजवळच्या माळावर चैत्राचं ऊन पेटलेलं होतं, टापांनी उधळलेल्या धुळीत आकाश तांबूस झालं होतं आणि आम्ही गाववाले एका ऐतिहासिक लढाईच्या सिनेमासाठी सैनिक झालो होतो.

तात्या माझे चुलते. फौजेतून हवालदार होऊन परतलेला, ताठ कण्याचा, मितभाषी माणूस. शत्रूचा अंगरखा चढवायला गावात कुणी तयार होईना. लोक पिढ्यान्‌पिढ्या नावं ठेवतील म्हणून सगळे मागे सरकले. तात्यांनी तो मुकाट्याने उचलला.

"आवं तात्या, तुमी कशाला?" मी विचारलं.

"कुनीतरी मरायला पायजेच की रं," ते हसले. "त्याबिगार तुमी जिकणार कसं?"

त्यांच्या मागोमाग मग बाकीचे थोरले तयार झाले. दोनदा धावलो, दोनदा दिग्दर्शक 'जोर नाही' म्हणून ओरडला. तिसऱ्यांदा गर्जना उठली आणि ती आमच्या डोक्यात चढली. रुपेरी कागद चिकटवलेली लाकडी तलवार माझ्या मुठीत होती, समोर फक्त तो अंगरखा होता. तात्यांनी उजवा हात आडवा धरला, तो मोडला, आणि त्यानंतरही मी आणखी एक वार केला. हे मला कधीच नाकारता आलं नाही. आजूबाजूला पोरं आपल्याच मामा-चुलत्यांना झोडपत होती, कुणाचं नाक फुटलं होतं, वाळल्या कुसळांवर खरं रक्त सांडत होतं. दिग्दर्शक खूश होता. त्याला हेच हवं होतं.

दवाखान्यात तात्यांनी घोड्यावरून पडलो म्हणून सांगितलं. कोपर पुन्हा नीट वाकलं नाही. झेंड्यापुढे त्यांच्यासारखा सॅल्यूट पंचक्रोशीत कुणाचा नव्हता. त्या वर्षापासून त्यांनी झेंडावंदनाला शाळेत जाणंच सोडलं. त्यांनी मला शिव्या घालायला हव्या होत्या. कराडला सिनेमा लागला तेव्हा माझ्या त्या वारावर थेटर शिट्ट्यांनी दणाणलं. बाहेर आल्यावर ते एवढंच म्हणाले, "खऱ्या लढाईत ढोल नसत्यात गड्या. मानसं आईला हाका मारत्यात, त्या लय लांब ऐकू येत्यात."

तात्या जाऊन आता तीन वर्षं झाली. घरात त्यांचे फोटो आहेत, पण हलते-चालते तात्या त्या सिनेमाखेरीज कुठेच नाहीत. टीव्हीवर तो लागला की काकू हातातलं काम टाकून पुढ्यात बसते. परवा तो लागताच मी बाहेर जायला चपला घालू लागलो, तर तिने मला हाताला धरून खाली बसवलं.

"उठू नगंस. आत्ता येत्याल बघ ते. मारणारा तू हायीस, ते मला पयल्यापासनं म्हाईत हाय. बस."

मी बसलो. काळाने तात्यांना सगळीकडून पुसलं, फक्त पडद्यावरच्या त्या दोन क्षणांतून ते अजूनही धुळीतून चालत येतात, जिवंत, माझ्याकडे बघत. आणि त्यांना तसं पाहायचं तर दर वेळी मला त्यांच्यावर हात उगारावा लागतो.