आत्याबाईच्या कमरेवरची कातडी

आमच्या संग्रहालयात हजेरीचं यंत्र बसलं तेव्हापासून माझ्या नवऱ्याची रोजची सकाळ भांडणाने सुरू व्हायची. तो अंगठा ठेवायचा आणि यंत्रातली बाई म्हणायची, "अंगठा पुन्हा ठेवा." मग तो पुसून ठेवायचा, फुंकर मारून ठेवायचा, पँटला घासून ठेवायचा. बाईचं आपलं एकच पालुपद. मागे रांग खोळंबायची. जन्मभर प्लास्टर आणि पॉलिशपेपर हाताळून त्याच्या बोटांवरच्या रेषा पार झिजून गेल्या होत्या. शेवटी रखवालदार त्याची हजेरी हाताने मांडायचा आणि हा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा, "या बाईच्या मते मी जन्मलोच नाही."

तो साचे करायचा. जीवाश्मावर रबराचा लेप देऊन साचा काढायचा आणि साच्यात प्लास्टर ओतून हुबेहूब प्रतिकृती तयार करायची, हे त्याचं काम. सगळे त्याला उस्ताद म्हणायचे. मी त्याच इमारतीत जतन विभाग सांभाळते. जे मोडतं, सुटतं, कुजतं ते थांबवायचं, निदान लांबवायचं, हे माझं काम. उस्ताद या हिवाळ्यात गेला. जिना चढता चढता हृदय बंद पडलं. तिथे माझ्या हातात थांबवण्यासारखं काही नव्हतं.

मी रडले नाही. ठरवून नव्हे, रडू आलंच नाही. दाढ काढताना इंजेक्शन देतात, मग आपलाच गाल आपल्याला परका लागतो, तसं सगळं झालं होतं. चहा गरम आहे हे कळायचं, पण ते दुसऱ्याच कोणाला तरी कळतंय असं वाटायचं. भेटायला येणारे माझ्या तोंडाकडे बघत बसायचे, आणि त्यांना हवं ते तिथे सापडलं नाही की घड्याळाकडे बघायचे. मी त्यांना बिस्किटं द्यायचे.

माझी लेक मात्र चिडली. "आई, तुला खरंच काही वाटत नाही का गं?"

"नाही वाटत," मी खरं तेच सांगितलं.

तिने खोलीचं दार असं आपटलं की कडी वाकली. तेव्हापासून ते दार नीट लागत नाही. दुनियेच्या मोडक्या वस्तू दुरुस्त करणारी मी, ती कडी काही मी सरळ केली नाही.

आता आत्याबाईबद्दल सांगायला हवं. आत्याबाई म्हणजे साडेचार कोटी वर्षांपूर्वीची हातभर लांबीची मगर. गावाबाहेरच्या जुन्या खाणीत सापडली. त्या खाणीतला दगड पापडासारखा थराथरांचा, आणि त्या थरांत मेलेलं सगळं इतकं जसंच्या तसं टिकतं की आत्याबाईच्या पोटात तिने गिळलेला शेवटचा मासा खवल्यांसकट दिसतो. मान वाकडी करून, जबडा जरासा उघडून ती अशी बघते की घरातलं सगळं कसं चुकलं ते आता सांगणारच. म्हणून उस्तादने तिला हे नाव दिलं. पुढे संचालकसुद्धा तिला आत्याबाईच म्हणू लागले.

पण भिंतीवर आहे ती खरी आत्याबाई नाही. खऱ्या दगडात लोहाचं एक चकचकीत खनिज होतं. दमट हवा लागली की ते फुगतं आणि दगड आतून फोडतं. आम्हाला आंबूस वास आला तेव्हा फार उशीर झाला होता. मी हरतऱ्हा करून पाहिल्या. शेवटी खोक्यात करडी भुकटी उरली. साचा त्याआधीच विरून फाटला होता. उरली ती उस्तादने आमच्या लग्नाच्या आधीच्या वर्षी ओतलेली एकुलती एक प्रतिकृती. म्हणजे आता तीच खरी. तिच्यावर पुन्हा रबर लावायला सक्त मनाई आहे. वरचा नाजूक थर सोलून निघेल. मनाई मीच घातली आहे.

वसंतात एक अभ्यासक मुलगी आली. हुशार, चिवट, तासन्‌तास न कंटाळता भिंगातून बघणारी. खाणीत शहराचा कचरा टाकायचा बेत चालला होता आणि तो हाणून पाडण्यासाठी खाणीला संरक्षित वारसा म्हणून मान्यता मिळवायची होती. त्यासाठी लागणारा अहवाल लिहायचं काम तिच्याकडे होतं. आत्याबाईला भिंतीवरून उतरवून माझ्या टेबलावर ठेवलं. तिसऱ्या की चौथ्या दिवशी तिने दिवा अगदी आडवा केला आणि मला हाक मारली.

"ताई, हे बघा ना. कमरेपाशी."

नखाएवढी जागा होती. जरा खोलगट. आडव्या उजेडात तिच्यात बारीक, वळणदार रेषा उभ्या राहिल्या होत्या, एकीला लागून एक.

"कातडी आहे," ती हळूच म्हणाली. "अशा ठेवणीची कातडी कोणी नोंदलेलीच नाही." मग तिने योग्य तोच प्रश्न विचारला. "ही जागा कधी भरली होती का, ताई? दुरुस्ती वगैरे?"

मी भिंगावर वाकले. रेषा एका तिरक्या फटीने मधोमध कापल्या होत्या. ती तिरकी फट मी ओळखत होते. रबराच्या डब्याच्या पत्र्याने कापलेला अंगठा, त्याला घातलेले टाके, त्यांचा फुगीर वण. उस्तादच्या उजव्या हाताचा.

आणि मग तो दिवसच आठवला. साचा घेण्याआधी दगडातल्या भेगा मऊ मातीने बुजवतात, नाहीतर रबर आत शिरून अडकतं. तो बुजवत होता. मी नवीनच लागले होते आणि नियम तोंडपाठ होते. म्हटलं, हातमोजे घाला. तो म्हणाला, "मोजे घातले की बोटांना दिसत नाही." आणि कमरेजवळच्या भेगेत मातीची गोळी ठेवून अंगठ्याने दाबली. साचा निघाल्यावर माती काढून टाकली. पण रबराने तोवर अंगठा टिपला होता.

एरवी असा प्रश्न विचारला की माझं उत्तर तयार असतं. त्या दिवशी मी म्हणाले, "बघून सांगते."

तेवढ्यात संचालक आलेच. कातडी हा शब्द ऐकून त्यांना काय करू नि काय नको असं झालं. "आता बघू कोण कचरा टाकतंय!" असं म्हणत ते फोन लावायला धावले.

सगळे गेल्यावर मी मोजा काढला आणि त्या खळग्यात माझा अंगठा ठेवला. बसला. थोडी जागा उरली, कारण त्याचं बोट जाड होतं. शेवटी शेवटी त्याचा अंगठा नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत झाला होता. त्या यंत्राला तो जन्मलाच नाही असं वाटायचं. इथे मात्र सगळ्या रेषा होत्या. मला काही वाटलं नाही. पण अंगठा मी बराच वेळ उचललाही नाही.

घरी लेकीला सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण ती भाजी चिरत होती आणि तिची माझ्याकडे पाठ होती, म्हणून जमलं.

तिने सुरी खाली ठेवली. "बाबांचा अंगठा? तिथे आहे? अजून?"

"आहे. आणि संग्रहालयात सगळ्यांना वाटतंय मगरीची कातडी आहे. तुझे बाबा प्राणी होते हे मला ठाऊकच होतं, पण साडेचार कोटी वर्षांपूर्वीचे निघतील असं वाटलं नव्हतं."

ती हसली नाही. "मग सांगू नकोस. कोणाचं काय जातंय? खाण वाचेल. बाबा तिथे राहतील. काचेआड, दिवा लावून. आई, आपल्याकडे त्यांचं दुसरं काय आहे?"

"फोटो आहेत."

"फोटोवर हात ठेवता येतो का?"

मी दुपारभर तेच तर केलं होतं. मी म्हटलं, "उद्या कोणीतरी ओळखणारच. मग माशालाही कोणी खरा मानणार नाही. खाणही जाईल. आणि तुझ्या बाबांच्या कामात खोट होती, एवढंच नाव राहील."

"तुला बरं सुचतं हे सगळं," ती म्हणाली. "काही वाटत नसलं की सुचत असेल."

ते लागायला हवं होतं. लागलं नाही. मी उरलेली भाजी चिरली.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीला सांगितलं. तिने कपाळाला हात लावला आणि खो खो हसत सुटली. मग विचारलं, "कोणाचा आहे?"

"माझ्या नवऱ्याचा."

तिचं हसू जागच्या जागी थांबलं. उस्ताद गेल्याचं तिच्या कानावर होतं. तिने आपल्या कागदांतून कातडीबद्दल लिहिलेलं पान काढलं आणि घडी करून खिशात घातलं.

"तू विचारलंस म्हणून वाचलो," मी म्हटलं. "नाहीतर सगळेच तोंडावर पडलो असतो."

संचालकांचा चेहरा पडला. "आता मी त्या लोकांना काय सांगू?"

"मासा सांगा. मासा खरा आहे."

ती मुलगी माझ्यामागे टेबलापर्यंत आली. "ताई, बुजवायलाच हवं असं नाही. बाजूला चिठ्ठी लावू. हा ठसा मूळचा नाही, एवढंच लिहू."

तिचं मन चांगलं होतं. आणि मला ते आयतं मिळत होतं. पण मी या कामात केस पांढरे केले आहेत. चिठ्ठ्या हरवतात. गोंद सुटतो, शाई उडते, कपाट बदलतं, माणसं बदलतात. वस्तू तेवढी राहते, आणि पुढे येणारा वस्तूवर विश्वास ठेवतो. "नको," मी म्हटलं. "बुजवते."

आमच्या कामाचा एक नियम आहे. जे काही लावाल ते पुढच्याला काढता आलं पाहिजे. म्हणून मी कोमट पाण्याने निघणारा लेप कालवला. लेप प्लास्टरला चिकटून बसू नये म्हणून आधी खळग्यात पातळ आडथर दिला, मग लेप भरला, थोडा थोडा. त्याच्या रेषा एकेक करून भरत गेल्या. तिरकी फट सर्वांत खोल. ती शेवटी गेली. पातीने सारखं करायला गेले तर कड दिसत होती. मी मोजा काढला, अंगठा पाण्यात बुडवला आणि हलक्या हाताने फिरवत राहिले, जोवर तिथे कोणाचीच खूण उरली नाही. काम नीट झालं. उस्तादने दिवा आडवा धरून बघितलं असतं तरी त्याला कड सापडली नसती. संध्याकाळ झाली होती. लेकीला फोन करून सांगितलं, झालं. खाली तो आहे, वरचा लेप कोमट पाण्याने निघेल, हेही सांगितलं. ती म्हणाली, "ये घरी."

सुटायच्या वेळची रांग होती. मी अंगठा ठेवला.

"अंगठा पुन्हा ठेवा."

मी बघितलं. लेप वाळून अंगठ्यावर पांढरा गुळगुळीत पापुद्रा धरला होता. एक रेष दिसत नव्हती. मी पुसून ठेवला.

"अंगठा पुन्हा ठेवा."

फुंकर मारून ठेवला. कोटाला घासून ठेवला. बाईचा तोच आवाज. उस्तादवर रोज सकाळी वापरलेला, एकदाही न चिडलेला.

"अंगठा पुन्हा ठेवा."

रखवालदार उठून आला. "राहू द्या ताई, मी मांडतो हजेरी," म्हणाला, आणि मग माझ्याकडे बघून त्याने उघडलेली वही मिटली. नळ दोन पावलांवर होता. पाण्याने लगेच निघालं असतं, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? पण मी तिथेच उभी राहून हुंदके देत होते, आणि ती बाई म्हणेल तितक्यांदा अंगठा ठेवत होते.