ग चा काना

शाळेच्या मोठ्या बाईंनी ऑफिसातल्या टेबलावर आठ वह्या उघडून ठेवल्या होत्या आणि आठही वह्यांत ग चा काना कापत कापत खाली उतरला होता.

"एकाच मुलाचं असतं तर मी समजले असते," त्या म्हणाल्या. "अख्ख्या वर्गाच्या हाताला कापरं कसं भरलं?"

मी पाण्याचा ग्लास ठेवला आणि तिथेच घुटमळले. खरं तर पाणी देऊन निघून जायचं एवढंच माझं काम. एकोणीस वर्षं मी या बालवर्गाची मावशी आहे. पेन्सिलींना टोक करायचं, नाकं पुसायची, संध्याकाळी फळा पुसायचा. शिकवायचं काम वर्गाच्या बाईंचं. त्या टेबलासमोर उभ्या होत्या, उजवा हात डाव्या हातानं घट्ट धरून.

कापरं कुठून आलं ते मला ठाऊक होतं. बाईंच्या अजून ध्यानात आलं नव्हतं, हे त्यांच्या तोंडाकडे बघून कळलं.

आमच्या वर्गात गिरवायला छापील पुस्तकं नसतात. बाई स्वतः रोज प्रत्येक वहीत ठिपक्यांची अक्षरं काढून देतात. सुरुवात जिथून करायची तिथे एक लाल ठिपका, पुढचे सगळे साध्या पेन्सिलीचे. मुलं लाल ठिपक्यावर टोक टेकवतात आणि निघतात. बाईंच्या अक्षराचं वळण काय सांगू! बँकेत, दवाखान्यात कुणाचं अक्षर देखणं दिसलं की मी सरळ विचारते, "बालवर्गात कुठे होतात?" दहातल्या आठ वेळा ते मूल आमचंच निघतं. मग मी घरी येईपर्यंत छाती काढून चालते.

यंदा बाईंचा हात कापायला लागला. चहा पिताना बशी वाजायची. मी बघत होते आणि गप्प बसत होते, मोठी शहाणी. ठिपके इकडे तिकडे पडायला लागले आणि मुलांनी ते जसेच्या तसे जोडले.

बाईंनी एक वही उचलली. एकेका ठिपक्यावरून नजर फिरवली.

"हा माझा हात आहे," त्या म्हणाल्या. "मुलांकडे दोष नाही. उलट बघा ना, किती नेमकं गिरवलंय. एकानंही ठिपका चुकवलेला नाही."

एवढं बोलताना त्यांच्या आवाजात चक्क कौतुक होतं. मला रडू आवरेना, म्हणून मी खिडकीकडे बघितलं.

मोठ्या बाई काही वाईट नाहीत. त्यांनी वह्या मिटल्या, एकावर एक ठेवल्या. "बाई, सोमवारपासून तुम्ही ऑफिसात बसा. हजेरीपत्रकं बघा. वर्गाला छापील पुस्तकं मागवू, शिकवायला नवीन मुलगी घेऊ. तुम्हालाही जरा आराम."

ज्या बाईंना पोरांच्या गलक्याशिवाय जेवण जात नाही त्यांना हजेरीपत्रकं द्यायची. मला राग आला की माझं तोंड माझं ऐकत नाही.

"ठिपके मी देते," मी म्हणाले.

"तुम्ही?" मोठ्या बाईंनी चष्मा काढला. "मावशी, तुम्ही कधी शाळेत गेला होतात?"

"रोज येते की. एकोणीस वर्षं झाली."

भिंतीवर सूचना लिहायचा फळा होता. मी खडू उचलला. आता सांगायला हरकत नाही. बाई घरी गेल्या की फळा पुसण्याआधी मी बोटाला ओलं फडकं गुंडाळायचे आणि एकेका अक्षरावरून फिरवायचे, बाई जिथून सुरू करायच्या अगदी तिथून. मग पुसून टाकायचे. आधी गंमत म्हणून, पुढे त्याशिवाय चैन पडेना. कुणाला सांगितलं नाही. एवढी घोडी झालेली बाई अक्षरं गिरवते म्हणून हसले असते सगळे.

मी ठिपक्यांचा ग काढला. मग म. मग ळ, कारण तो मला फार आवडतो.

मोठ्या बाई फळ्याकडे बघत होत्या, मग बाईंकडे. "हे तर तुमचंच अक्षर आहे."

बाई फळ्याजवळ आल्या. ग वरून हळूच बोट फिरवलं, माझे ठिपके न पुसता.

"याची गाठ जरा मोठी झालीय," त्या म्हणाल्या. "लहान काढ."

एकोणीस वर्षांत बाईंनी माझ्या अक्षरात काढलेली ही पहिली चूक. मी गाठ पुसली, लहान काढली. आता मी त्यांची विद्यार्थिनी होते आणि हे मोठ्या बाईंच्या देखत झालं होतं.

"परीक्षेपर्यंत बघू," मोठ्या बाई म्हणाल्या. "पण काना पुन्हा वाकडा दिसला तर मी ऐकणार नाही."

"नाही दिसणार," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही शाळा भरायच्या तासभर आधी आलो. पोरांच्या बुटक्या बाकावर गुडघे दुमडून बसलो, समोर तीस वह्या. मी ठिपके देत गेले. बाईंनी पेटीतून लाल पेन्सिल काढली.

"तेही मी देते की," मी म्हणाले.

"सुरुवात मी करून देणार," बाई म्हणाल्या. "गप्प बस आणि तुझं बघ."

त्यांनी मनगट बाकावर टेकवलं, हात जरा शांत होईपर्यंत थांबल्या आणि टोक ठेवून उचललं. ठिपका जागच्या जागी बसला होता. तीसच्या तीस वह्यांमध्ये बसला.

घंटा झाली. वर्गातली सगळ्यांत लहान पिटुकली पहिल्या बाकावर बसली, जीभ बाहेर काढून लाल ठिपक्यावर पेन्सिल टेकवली. गाठ घेतली, वर गेली आणि काना सरळ खाली आणला.

बाईंनी डाव्या हातात धरलेला उजवा हात सोडला आणि तिच्या पाठीवरून फिरवला. तो कापतच होता. पिटुकलीनं मान वर केली नाही. तिला पुढच्या लाल ठिपक्याची घाई होती.